गफूरचाचांचा नंबर

या पानावरचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, अचानक गेलेले दिवे... अहो, आमच्याकडे लाईट रोजच जाते, त्याला भूत कशाला लागतंय? आमच्या घरात छप्पन सालापासून देव्हारा नाही. कुणी भुताचं नाव काढलं की आमचे आजोबा चष्मा वर करून एकच शब्द विचारायचे — "पुरावा?" मी त्यांची नात. वरून तोंडाने फटकळ. असं माझ्या सासूबाई म्हणतात, आणि त्या सहसा खोटं बोलत नाहीत.

तर अशा बाईला आज इथे लिहावं लागतंय. हसायचं तर हसा, माझी हरकत नाही. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग मला कुणीतरी नीट समजावून सांगा. मी माझ्या परीने सगळं करून बघितलंय.

मी बोरीची. सिव्हिलचा डिप्लोमा केला, मग सेफ्टीचा कोर्स केला. जिंतूरच्या पुढे डोंगर फोडून रस्ता सरळ करायचं काम निघालं, तिथे मी सेफ्टी ऑफिसर होते. सगळे मला 'सेफ्टीवाल्या मॅडम' म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे तेही मला माहीत आहे, ते इथे लिहीत नाही. जुना रस्ता डोंगराला वळसा घालून जायचा. त्या वळणावर समोरून एसटी आली की जीव मुठीत धरावा लागायचा. नवा रस्ता सरळ डोंगराच्या मधून काढायचा होता. डोंगर म्हणजे नुसता काळा फत्तर, आणि तो फोडायचा तर सुरुंगच लावावे लागतात.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सकाळी ड्रिल मशीनने खडकात खोल भोकं पाडायची. त्यात दारू भरायची, वायरी जोडायच्या. पहिला भोंगा झाला की सगळ्यांनी खाणीतून, म्हणजे फोडायच्या जागेतून, बाहेर पडून लांब कंटेनरच्या आडोशाला यायचं. दुसरा भोंगा झाला की बटन दाबायचं. तिसरा भोंगा म्हणजे सगळं ठीक, या परत. ऐकायला सोपं वाटतं ना? पण पहिल्या आणि दुसऱ्या भोंग्याच्या मधली जी पंधरा-वीस मिनिटं असतात, त्यातच माणसं जातात. कुणी डबा आणायला माघारी फिरतं, कुणी सावलीला डुलकी काढतं, कुणाला वाटतं अजून वेळ आहे. आणि बटन दाबणाऱ्याला वळणाआडचं काही दिसत नसतं.

म्हणून आमच्याकडे गिनती होती. ही पद्धत माझी नाही, गफूरचाचांची.

गफूरचाचा सेलूचे. चाळीसेक वर्षं त्यांनी आख्ख्या जिल्ह्यातल्या विहिरींना सुरुंग लावले. शेवटची दोन वर्षं आमच्या साईटवर होते, सुरुंग उडवण्याचं लायसन त्यांच्या नावावर. बुटके, पांढरी दाढी, आणि बोलण्याच्या आधी एक छोटा खोकला. आयुष्यभर दगडाची धूळ खाल्लेली, ती छातीत बसली होती. तरुणपणी सोनपेठकडच्या एका विहिरीत काम करताना 'सगळे वर आले' असं कुणीतरी ओरडलं, आणि यांनी वात पेटवली. सगळे आले नव्हते. एक माणूस खाली होता. चाचांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. त्यानंतर 'सगळे आले' या शब्दांवर त्यांनी कधी भरवसा ठेवला नाही.

त्यांची पद्धत अशी. सगळ्यांनी कंटेनरसमोर एका रांगेत उभं राहायचं. प्रत्येकाचा नंबर ठरलेला. पहिला म्हणणार 'एक', दुसरा 'दोन', असं करत शेवटपर्यंत. मी समोर उभी राहून रजिस्टरमध्ये शेवटचा आकडा लिहायची. रांगेत अठरा मजूर, आणि सगळ्यात शेवटी स्वतः चाचा. मी म्हटलं होतं, "चाचा, तुम्ही कशाला रांगेत? तुम्ही तर मला समोरच दिसताय."

"मैं क्या आदमी नै क्या बेटी? मेरा बी नंबर लगाओ."

म्हणून अठराच्या मागे एक छोटा खोकला यायचा आणि मग शांतपणे — "उन्नीस." बाकी सगळी रांग मराठीत, चाचा तेवढे त्यांच्या बोलीत. मग मी एकोणीस लिहायची, बटनाची किल्ली त्यांच्या हातात द्यायची आणि दुसरा भोंगा व्हायचा. आकडा चुकला तर ते किल्लीला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "कम बी गलत, ज्यादा बी गलत."

मागच्या थंडीत चाचा आजारी पडले आणि महिन्याभरात गेले. सेलूला घरीच, अंथरुणात, सगळ्यांच्या समोर. मातीला आम्ही सगळे गेलो होतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे कुणी विचारेल — नक्की गेले होते ना? हो, गेले होते. मी स्वतः बघितलंय.

त्यांच्या जागी सुरुंगाचं लायसन असलेला दुसरा माणूस आला, शिवाजी नावाचा. कामात चोख, पण तो रांगेत उभा राहायचा नाही. बटनापाशीच थांबायचा. त्यामुळे रांग अठराचीच राहिली. शेवटचा नंबर आता द्वारकाबाईंचा. द्वारकाबाई दगड भरायच्या कामाला, वय साठीच्या घरात आणि आवाज असा की भोंगा बिघडला तरी चाललं असतं.

आता दोन माणसं ओळखून ठेवा. नंबर अकरा — गंगाधर, आमचा सगळ्यात जुना ड्रिलवाला. वीस वर्षं ड्रिलच्या दांड्याला धरून उभा राहिलेला माणूस. गंगाधरला काहीही सांगा, तो हसून मान डोलवायचा. मला वाटायचं, काय गोड स्वभाव आहे! आणि नंबर दहा — मारोती, त्याचा जोडीदार. दोघं एकाच गावचे, एकाच ताटात जेवणारे.

नवीन मॅनेजर आले होते, चौगुले साहेब. कोल्हापूरकडचे. त्यांना येऊन तीनच आठवडे झाले होते, चाचांना त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण कायम घाईत. माझी आणि त्यांची पहिल्या दिवसापासून जुंपलेली.

तो मे महिन्यातला दिवस. ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका बसायचा. त्यात वारा सुटलेला, सगळीकडे धूळ. सगळ्यांनी तोंडाला रुमाल गुंडाळले होते, वरून हेल्मेट. नुसते डोळे दिसत होते. त्या दिवशी तपासणीला मोठे अधिकारी यायचे होते, आणि सुरुंगाची परवानगी दुपारी एक ते दोन एवढीच. एक वाजून वीस मिनिटांनी पहिला भोंगा झाला. मी वरच्या वाटेने खाण फिरून आले. कुणी नव्हतं. दोन्ही बाजूला रस्त्यावर आमचे झेंडेवाले लाल झेंडे धरून उभे होते, एक एसटी अडकली होती, तिचा ड्रायव्हर हॉर्न मारत होता. सुरुंगाजवळ मोबाईल चालत नाहीत, म्हणून सगळ्यांचे नेहमीप्रमाणे स्टीलच्या डब्यात. सगळं जिथल्या तिथं होतं. किल्ली माझ्या खिशात.

"चला, गिनती!"

"एक!" "दोन!" "तीन!"... नेहमीसारखं भराभर. नऊ, दहा, अकरा, बारा. मी मान खाली घालून रजिस्टर उघडलं होतं. शेवटी द्वारकाबाईंचा "अठरा!" कानात शिरला.

आणि मग एक छोटा खोकला. आणि —

"उन्नीस."

मंडळी, मी लिहून टाकलं. हाताने आपोआप १९ लिहिलं. दोन वर्षांची सवय! किल्ली काढायला हात खिशात गेला आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय लिहिलंय. मान वर केली तर रांगेत कुणी हलत नव्हतं. एसटीचा हॉर्न तेवढा वाजत होता.

"कोण बोललं?" मी ओरडले. "कुणाला मस्करी सुचली?"

 द्वारकाबाई मागे वळून बघत होत्या. त्यांच्या मागे कंटेनरची पत्र्याची भिंत, दुसरं काही नाही.

"परत गिनती!"

या वेळी मी मान वर ठेवली. डोळे रांगेवर. एक, दोन... दहा, अकरा... सतरा, अठरा. तोंडं रुमालात, त्यामुळे ओठ कुणाचेच दिसत नव्हते. आणि द्वारकाबाईंच्या पलीकडून, जिथे कुणीच उभं नव्हतं तिथून, तोच खोकला. "उन्नीस." घाई नाही, जोर नाही. रोज म्हणायचे तसंच.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू? द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. "चाचा हायत मॅडम," एवढंच म्हणाल्या.

"गप बसा हो बाई," मी म्हटलं.

चौगुले साहेब तरातरा आले. घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. "मॅडम, पावणेदोन होत आले. काय चाललंय?"

"आकडा जुळत नाही सर. एकोणीस येतोय."

"मग? आपली माणसं किती?"

"अठरा."

"म्हणजे एक जास्तच आहे ना! कमी असता तर गोष्ट वेगळी. जास्त माणूस भरला तर कोण मरणार आहे? द्या ती किल्ली."

आता तुम्हीच सांगा, त्यांचं म्हणणं चूक होतं का? हिशोबाने बरोबरच होतं. अठरा पाहिजेत, अठरा बोलले, वर एक आवाज जास्त. माणूस कमी नाही म्हणजे आत कुणी नाही. शिवाजी बटनापाशी माझ्याकडे बघत उभा. दोन वाजले की परवानगी संपणार, दारू भरलेली खाण रात्रभर तशीच ठेवावी लागणार, आणि ती त्याहून मोठी डोकेदुखी. क्षणभर माझाही हात सैल पडला.

पण कानात चाचांचं बोलणं. कम बी गलत, ज्यादा बी गलत.

"नाही देणार," मी म्हटलं. "आकडा चुकला म्हणजे चुकला. तुम्ही मला उद्या काढून टाका, पण आज किल्ली माझ्याकडे आहे."

"मॅडम, मी वर रिपोर्ट करीन!"

"करा की! माझं नाव नीट लिहा."

मी रजिस्टर खाली ठेवलं. म्हटलं, आवाजावर जायचंच नाही. "सगळ्यांनी रुमाल काढा. मी हात लावीन तोवर कुणी जागेवरून हलायचं नाही." आणि रांगेच्या या टोकापासून सुरू केलं. प्रत्येकाच्या खांद्यावर तळहात ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं. एक. दोन. तीन. घामाने भिजलेले खांदे, कुणी घाबरलेलं, कुणी हसू दाबतंय. नऊ. दहा — हा मारोती. अकरा म्हणून मी पुढच्या खांद्यावर हात ठेवला.

तो गंगाधर नव्हता. तो नंबर बाराचा होता.

मी मारोतीकडे बघितलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्याने डाव्या बाजूला बघितलं, मागे बघितलं, परत डाव्या बाजूला. 

"मॅडम... अकरा म्या म्हणलो."

"काय?"

"रोजच म्हणतो मी. गंग्याला ऐकूच येत न्हाई ओ! मागल्या साली पार गेले त्याचे कान, मशीनीनं. दहा कवा म्हणलं ते त्याला कळत न्हाई. तुमाला कळलं तर कामावरून काढतील म्हणून त्याचा नंबर मीच म्हणतो, आवाज बदलून. मला वाटलं आजबी हाय बाजूला... रुमालात काय दिसतंय... मॅडम, गंग्या आत हाय!"

सतरा माणसं. मारोतीने दोन आकडे म्हटले म्हणून अठरा. हे अठरा बरोबर जुळले असते! मी रजिस्टरमध्ये १८ लिहिलं असतं, किल्ली दिली असती आणि...

मी पळाले. शिवाजीला ओरडले, "वायर सोडव!" — त्याने आधीच बटनाची वायर उपटून लांब फेकली होती. मी बेचाळीस वर्षांची बाई, गुडघा दुखतो, पण त्या दिवशी जी पळाले! मागे मारोती, त्याच्या मागे चौगुले साहेब, तेही पळत. मी आधी वरच्या वाटेने खाण बघून आले होते. या वेळी खालच्या वाटेने गेले. वळण घेतलं. वरून हा कोपरा दिसतच नाही.

गंगाधर तिथे उकिडवा बसला होता. दारू भरलेल्या भोकांपासून दहा पावलांवर. ड्रिलचे लोखंडी दांडे राहिले होते, ते दगडाखाली गाडले जातील म्हणून न्यायला आला होता. दोरीने त्यांची मोळी बांधत होता, शांतपणे, एकेक गाठ घट्ट करत. भोंगा झाल्याचं त्याच्या गावीही नव्हतं.

"गंगाधर!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. त्याने मान वर केली नाही. पाच हातांवरून ओरडले तरी नाही. माझी सावली दोरीवर पडली तेव्हा त्याने वर बघितलं, आणि हसला.

"काय मॅडम, जेवण झालं का?"

मी त्याचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर काढला. तो दांड्यांकडे हात करत होता, "आवो, दांडे, दांडे!" मारोतीने त्याला मिठी मारली, मग एक सणसणीत शिवी हासडली, मग परत मिठी मारली. गंगाधरला काहीच कळेना. तो आम्हा सगळ्यांकडे बघून हसत होता आणि मान डोलवत होता. तेव्हा मला कळलं की हा वर्षभर माझ्यापुढे असा का हसत होता. सेफ्टी ऑफिसर मी, आणि माझ्या रांगेतल्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही हे मला माहीत नाही! लाज वाटली. अजून वाटते.

बाहेर आलो. परत रांग. मी परत हात लावून मोजलं. अठरा खांदे. मग तोंडाने गिनती घेतली. मारोतीने कोपराने ढोसलं तेव्हा गंगाधर स्वतःच्या तोंडाने, चुकीच्या पट्टीत, "अकरा!" ओरडला. द्वारकाबाईंनी "अठरा!" म्हटलं.

सगळे थांबले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळे कान टवकारून थांबले.

काही आलं नाही. नुसता वारा.

शिवाजीने वायर परत जोडली, मी १८ लिहिलं आणि किल्ली दिली. दोनला सहा मिनिटं कमी असताना दुसरा भोंगा झाला. डोंगर हलला, धूर वर आला, आणि दगड जिथे पडायला पाहिजेत तिथेच पडले. द्वारकाबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. मग रांगेतल्या कुणीतरी शिट्टी मारली आणि एकदम कल्ला झाला... हेल्मेट उडाली, गंगाधरला खांद्यावर उचललं. मी कुणालाच रागवले नाही. खरं म्हणजे मीही ओरडत होते. अडकलेल्या एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून विचारायला लागला, "काय झालं ओ, लग्न हाय का कुणाचं?"

आता पुराव्याचं. मी आजोबांची नात आहे, गप्प कशी बसणार?

पहिली शंका मस्करीची. एकेकाला वेगळं बोलावून विचारलं. घरच्यांची शपथ घातली, धमकी दिली, चहा पाजला. कुणीच कबूल झालं नाही. मारोतीने दोन नंबर म्हटल्याचं तर त्याच दिवशी सांगितलं होतं, मग दुसरं कोण कशाला लपवेल? रांगेत हिंदी बोलणारा एक बिहारचा मुलगा होता, पण त्याचा नंबर चौथा. तो रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्याचा आवाज बारीक.

दुसरी शंका प्रतिध्वनीची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना त्याच जागी उभं करून दहा वेळा गिनती घेतली, मोबाईलवर रेकॉर्ड केली. अठरा म्हटलं तर फार तर अठराच परत येतं. जे कुणी म्हटलंच नाही ते पत्रा कसं म्हणेल?

तिसरी शंका सवयीची. ही मला सगळ्यात पटली होती. दोन वर्षं रोज तेच ऐकलं, कानांना वाटलं असेल. आम्ही सगळे चाचांना ओळखणारे, एकाला वाटलं की दुसऱ्यालाही वाटतं. मी स्वतःला हे पटवलंही होतं.

तेवढ्यात दोन दिवसांनी चौगुले साहेब माझ्या टेबलापाशी आले. माझा रिपोर्ट करणार होते तो केला नव्हता. उभ्याउभ्या पेन चाळवत म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तो शेवटचा म्हातारा कोण होता?"

"कुठला म्हातारा सर?"

"तोच हो. आधी खोकला आणि मग उन्नीस म्हणाला. बाकी सगळे मराठीत, तो एकटाच हिंदीत. म्हणून लक्षात राहिलं. नंतर मी रांगेत बघितलं तर दिसला नाही. त्याला धूळ सोसत नाही असं दिसतंय, दवाखान्यात दाखवायला पाहिजे."

मी त्यांना चाचांबद्दल अक्षर बोलले नव्हते. कुणीच बोललं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "बसा सर," आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "गंगाधरला काढायचं नाही. काय कागद करायचा तो करा, मी सही करतो."

आणि केली! गंगाधरला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, कान तपासले, मशीन मिळालं. ड्रिलवरून काढून त्याला दांड्यांना धार लावायच्या शेडमध्ये बसवलं, पगार तोच. मग सगळ्यांचेच कान तपासून घेतले, तर आणखी तिघं निघाले. तिघंही हसून मान डोलवणारे! त्यांनाही आवाजाच्या कामावरून बाजूला केलं, बाकीच्यांना कानात घालायचे बोळे आणून दिले आणि ते घालतात की नाही हे मी रोज स्वतः बघायची. गिनतीची पद्धतही बदलली. आता तोंडाने नंबर म्हणायचा आणि मी खांद्याला हात लावायचा, दोन्ही. तोंडावर रुमाल चालणार नाही.

मी सेलूला चाचींकडेही जाऊन आले. घाबरत घाबरत सांगितलं, वाटलं रडतील. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "उनो गिनती अधूरी छोड़के उठते नै थे बेटी. खाना थंडा हो जाता था, पर उठते नै थे." आणि मला जेवायला बसवलं.

सगळ्यात जास्त त्रास मात्र मला गंगाधरने दिला. तो दर चार दिवसांनी शेडमधून यायचा आणि विचारायचा, "मॅडम, कसा आला ओ आवाज? मोठा व्हता का बारीक? चाचांनी माझं नाव घेतलं का?" त्या दिवशी साईटवरच्या प्रत्येकाने तो आवाज ऐकला होता. ज्याच्यासाठी आला होता त्या एकट्यालाच ऐकू आला नव्हता. मी दर वेळी पहिल्यापासून सांगायची. खोकला कसा, थांबले किती, उन्नीस कसं म्हणाले. तो माझ्या ओठांकडे बघत राहायचा.

दिवाळीच्या आधी शेवटचा सुरुंग होता. तो उडाला की डोंगर आरपार. पलीकडच्या बाजूने गावातली माणसं लांब बांधावर येऊन उभी राहिली होती. पहिला भोंगा झाला. या वेळी गंगाधर सगळ्यांच्या आधी येऊन जागेवर उभा, कानात मशीन, दाढी केलेली. मी एकेका खांद्यावर हात ठेवत गेले. एक, दोन... दहा. "अकरा!" — स्वच्छ, वेळेवर. द्वारकाबाईंनी "अठरा!" म्हटलं.

मी पेन टेकवलं आणि लिहिणार, तोच सगळी रांग एका दमात ओरडली —

"उन्नीस!"

ठरवून आले होते, मला पत्ता लागू दिला नव्हता. चौगुले साहेब माझ्या मागे उभे होते, तेही ओरडले. आवाज डोंगरावर जाऊन परत आला. आणि तो विरल्यावर, सगळे गप्प झाल्यावर, एकट्या गंगाधरचा आला. तो मुद्दाम मागे थांबला होता. आधी एक छोटा खोकला, मग घाई न करता, मी शंभर वेळा सांगितलं होतं अगदी तसंच.

"उन्नीस."

मग माझ्याकडे बघून विचारलं, "असाच व्हता का मॅडम?"

 मी मान डोलावली आणि हसले, तो पूर्वी करायचा तशी.

डोंगर फुटला. एकाच्याही अंगाला खरचटलं नाही. धूर खाली बसला आणि पलीकडे बांधावरची माणसं दिसली, हात हलवत असलेली. आता तिथून एसटी सरळ जाते. मी दर आठवड्याला त्याच गाडीने जाते.

ते मे महिन्यातलं रजिस्टर माझ्याकडे आहे. अठरा माणसांच्या हजेरीपुढे माझ्याच अक्षरात १९ लिहिलेलं. आजोबा असते तर चष्मा वर करून म्हणाले असते, "पुरावा?" मी ते पान त्यांच्यापुढे ठेवलं असतं. पुढे त्यांनी "म्हणजे काय झालं होतं?" असं विचारलं असतं, तर तो प्रश्न मी तुमच्याकडेच पाठवला असता. नियमाप्रमाणे चुकलेला आकडा खोडून खाली सही करायची असते. मी तो खोडलेला नाही. त्या दिवशी बरोबर तेवढा तोच होता.